माझ्या अंगात आलं ते भय

त्या वर्षी मला सकाळची भीती वाटू लागली होती. उजाडलं की शाळा आठवायची आणि अंथरुणातून उठवत नसे. साठीच्या दशकातली गोष्ट. नंदुरबारजवळच्या कोरीटच्या पलीकडे एका खेड्यात मी प्राथमिक शिक्षक होतो. नोकरी कायम, पोरं गुणी, गावही मायाळू. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच मी जास्त घाबरलो होतो.

पहिल्यांदा झालं ते फळ्यापाशी. भागाकार शिकवता शिकवता छाती धडधडू लागली. वाटलं, आता आपण मरतो, नाहीतर पोरांसमोर भलतंच काही बोलून बसतो. पाणी पिण्याच्या निमित्तानं बाहेर आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मी युक्ती काढली. छाती धडधडली की पोरांना मोठ्यानं पाढे म्हणायला लावायचे आणि आपण खुर्ची घट्ट धरून बसायचं. तुमच्या वर्गाचे पाढे फार पक्के आहेत, म्हणून शाळा तपासायला आलेल्या दिपोटी साहेबांनी शाबासकी दिली, तेव्हा हसावं की रडावं कळेना.

सांगणार कुणाला? माझे मामा वेडे झाले होते. आजोळी त्यांना गोठ्यात खांबाला बांधून ठेवत, आणि लहानपणी ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. आपल्यालाही एक दिवस असंच बांधतील, हे मनानं घेतलं होतं. वडील नव्हते, आईला मी एकटाच. रोज अंघोळ झाली की आमच्या कुळाच्या देवीला, कानबाईला, हात जोडायचो आणि म्हणायचो, एवढं भय काढून घे. काही फरक पडेना. पुढे पुढे तर वाटू लागलं, तिला माझं ऐकूच येत नाही.

श्रावणात कानबाई बसली तेव्हा तापीकाठच्या आमच्या गावी गेलो. आमच्याकडे रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे, गहू घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं मुठी भरून घेतात, आणि भाऊबंदकीतल्या कुणी तो रोट चुकवायचा नसतो. परक्याला तो देतही नाहीत. न जाऊन चालण्यासारखं नव्हतं. सोमवारी सकाळी देवीला विसर्जनासाठी नदीवर न्यायची तयारी झाली. चौरंगावर देवी म्हणून मांडलेला, नथ घातलेला नारळ, भोवती केळीचे खांब, दारात डफ, आणि घरात पाय ठेवायला जागा नाही इतकी माणसं. ठेका वाढला तशी माझी छाती धडधडू लागली. बाहेर पडायला वाट नव्हती. हातपाय लटलटू लागले, दात वाजू लागले, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी देवीसमोरच खाली बसलो.

“माय उनी,” कुणीतरी म्हणालं.

अंगात येणं आमच्याकडे नवं नव्हतं. डफ आणखी जोरात वाजू लागले. बायकांनी माझ्या कपाळी हळदीकुंकू भरलं. माझी आईसुद्धा पदर पसरून माझ्या पाया पडली. मी जितका कापत होतो, तितकी माणसं वाकत होती. मला सांगायचं होतं की ही देवी नाही, हे माझं दुखणं आहे, पण जीभ टाळूला चिकटली होती. आणि त्यातच मनात आलं, वेडा म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं. दरवर्षी पाटावर बसवतील, पाया पडतील, पण बांधणार तर नाहीत. या विचारानं माझ्या अंगावर काटा आला.

तेवढ्यात काका पुढे आले. त्यांची धाकटी सून बाळंतपणापासून भिंतीकडे तोंड करून पडून होती. काका हात जोडून म्हणाले, “माय, सून बोलत नही, जेवत नही. तिले घरमा ठेऊ का दवाखानामा लई जाऊ? तू सांगशी तसं करसू.”

माझ्या तोंडून जे निघेल ते देवीचं ठरणार होतं, आणि एका बाईचा जीव त्यावर अवलंबून होता. मी तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. काका पुन्हा विचारू लागले.

तेव्हा गर्दीतून एक म्हातारी पुढे आली. जुनं हिरवं लुगडं, डोक्यावर पदर. ती पाया पडली नाही. माझे दोन्ही हात तिनं हातात घेतले आणि काकांना म्हणाली, “याले काय इचारतस? माय नही उनी. हाऊ घाबरेल शे. डफ बंद करा, याले पानी द्या.” मग माझ्याकडे वळून हळू म्हणाली, “भ्याव लागस ना? लागू दे. मायपुढे कसानी लाज?”

तिला कुणी आवरलं नाही, याचं मला आजही नवल वाटतं. डफ थांबले. मी पाणी प्यालो आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडलो. शाळा, पाढे, मामा, सगळं सांगून टाकलं. आई पाठीवरून हात फिरवत एवढंच म्हणत राहिली, “माले काबर नही सांगं?” जरा सावरल्यावर काकांना म्हणालो, “वहिनीले दवाखानामा लई जाऊत. मी बी येस.” हे मात्र मी माझ्याच तोंडानं बोललो.

म्हातारीला नंतर सगळ्यांनी शोधलं. आम्हाला वाटलं होतं काकांकडची असेल, काकांना वाटलं होतं आमच्याकडची. तिला ओळखणारं कुणीच निघालं नाही. ती कोण होती हे मी सांगू शकत नाही. तिचे हात खरखरीत होते, एवढं मला माहीत आहे.

माझं भय काही त्या दिवशी पळून गेलं नाही. औषध घेतलं, हेडमास्तरांना खरं सांगून रजा घेतली, आणि पुन्हा फळ्यापाशी उभा राहिलो. अजूनही एखादी सकाळ जड जाते. आता कानबाईकडे भय काढून घे असं मी मागत नाही. माये, भ्याव लागस, एवढं सांगतो, तिच्यावर सोपवतो आणि कामाला लागतो. तिचे उपकार मी मानतो, ते मात्र सगळ्यात जास्त नंदुरबारच्या दवाखान्यातल्या त्या सकाळीसाठी.

डॉक्टर वहिनीला परोपरीनं विचारत होते आणि ती भिंतीकडे बघत बसली होती. काका रडकुंडीला आले होते. माझी छाती पुन्हा धडधडू लागली होती. मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, आधी माझं ऐकता?” आणि सगळ्यांच्या देखत माझं भय सुरुवातीपासून सांगितलं. सांगून झालं तेव्हा वहिनीनं मान वळवली होती.

“माले बी,” ती म्हणाली. “पोऱ्याले उचलाले भ्याव लागस.”