पाचाची गोळी अन् अर्ध्याची गोळी

फुलबाजारात माझ्या शेजारी बसणारी बाई परवा म्हणली, "तुझी गोळी किती नंबरची होती गं? माझी नुसती पाव नंबरची हाय. डॉक्टर मला लहान पोराची गोळी देतो का काय? जोराची मागू का?" झेंडूच्या पाट्या अजून उतरवायच्या होत्या, पण मी तिथंच खाली बसले अन् म्हणलं, बाई, आधी माझं ऐक. तिला जे सांगितलं तेच इथं लिहिते. मी सातवीपर्यंत शिकलेली, लिहिताना चुकंल, पण माझ्यासारखी कुणीतरी वाचील.

माझी पोरगी तीन महिन्यांची होती तवाची गोष्ट. वांगी तोडता तोडता एकदम श्वास अडकला. आत जाईना का बाहेर येईना तेच कळंना. बोटांना मुंग्या, छातीत धाडधाड, डोळ्यांपुढं सगळं पांढरं. मला वाटलं, आता मी जाती, अन् पोरीला कोण पाजील? आमच्या मालकांनी गाडीवर बसवून नाशिकला नेलं, छातीची पट्टी काढली. तिथले म्हणले, हार्ट चांगलं हाय, टेन्शन घेऊ नका. टेन्शन काय मी बाजारातून आणलं होतं का? घरी आले तर परत तेच. विहिरीवर व्हायचं, एसटीत व्हायचं, भाकरी थापता थापता व्हायचं.

मग गावातल्या डॉक्टरनं एक बारीक गोळी दिली, पाचाची. डायझेपाम नाव तिचं, ते मला लय मागून कळलं. पहिल्या दिवशी गोळी घेतली अन् खरं सांगते, डोक्यावरची मोळी कुणी उतरवून घ्यावी तसं वाटलं. त्या गोळीला मी वाईट म्हणणार नाय. पण आठ-दहा दिवसांनी अंग जड व्हायला लागलं. बसल्या जागी डोळा लागायचा, हातातलं उलथनं खाली पडायचं. अन् पोरगीही तशीच. पदराखाली घेतली की दोन घोट ओढायची अन् तोंड ढिलं पडायचं. मला वाटलं शांत झाली, बरं झालं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी एक दिवस पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला अन् हात तिथंच थांबवला.

"टाळू खोल गेली हिची," त्या म्हणल्या. "पोरगी दूध ओढत नाय. तू गोळी खाती अन् झोपती ही."

त्याच आठवड्यात मनमाडहून नणंद आली. तिचा धाकटा नुकताच शाळेत जायला लागला होता, घरी ती मोकळी. ती म्हणली, "आई, मी नेते हिला. वरचं दूध पाजीन. वहिनी बरी झाली की आणून सोडीन." बोलण्यात काही खोट नव्हती, मायेनंच म्हणत होती. पण मी पोरीला पदराखाली ओढून घेतलं. एकदा पोरगी वरच्या दुधावर गेली की माझं दूध आटणार, अन् मग मी बरी होऊन करायचं काय?

आत्यांनी लगेच हो म्हणलं नाय, नाय पण म्हणलं नाय. "सूनबाईला आधी नाशिकला मोठ्या डॉक्टरला दाखवू. तू पुढच्या रविवारी ये, तवर बघू."

मोठी डॉक्टर बाईच होती. मी बोलायला लागले अन् रडायलाच लागले, तर तिनं घाई केली नाय. म्हणली, "तुम्ही मरणार नाही. हा घाबरण्याचा आजार आहे, बाळंतपणानंतर होतो, बरा होतो." मग गावातली गोळी हातात घेऊन म्हणली, "ही वाईट नाही. पण ही अंगात खूप दिवस राहते, साठत जाते, दुधातून बाळाला जाते. बाळाला ती लवकर बाहेर टाकता येत नाही." ती गोळी अर्धी करून थोड्या दिवसांत बंद करायला सांगितली. रोजची एक वेगळी दिली, ती म्हणे दोन-तीन आठवड्यांनी लागू पडती. अन् लोराझेपाम दिली, ती थोडा वेळ चालती. लयच घाबरं झालं तर पोरीला पाजून झाल्यावर एकच घ्यायची, रोज नाय, असं दोनदा बजावलं.

परत येताना एसटीत मी पाकीट उलटंपालटं करून वाचलं. वर लिहिलेलं ०.५. शाळेत मला एकच गणित यायचं, अपूर्णांकाचं. आधीची पाच, ही अर्धी. म्हणजे दहा पट कमी! मला वाटलं, मॅडमला मी नाटकी वाटले. खेड्यातली बाई, रडून दाखवती, द्या हिला अर्ध्याची. अन् रविवार तर चार दिवसांवर.

गुरुवारी दुपारी शेजारच्यांच्या फोनवर नणंदेचा फोन आला. दुधाच्या दोन बाटल्या घेऊन ठेवल्या, रविवारी सकाळच्या गाडीनं येते. फोन ठेवला अन् घरापर्यंत येईस्तोवर माझा श्वास गेला. पोरगी झोळीत झोपलेली. मी भिंतीला टेकले, पाकीट फोडलं अन् एकेक गोळी पदरात टाकत गेले. पाचाला दहा. गणित बरोबर होतं. मला काही मरायचं नव्हतं बाई, मला रविवारपर्यंत बरं व्हायचं होतं.

आत्या वाटी न्यायला आत आल्या. बाहेर त्या झेंडूवर फवारायचं औषध कालवत होत्या. आमच्यात माप त्याच घेतात, मालक नुसता पंप पाठीवर घेतात.

"फुटाणे खाती का काय गं?"

"आत्या, गोळ्या हायेत. अर्ध्याच्या हायेत. दहा घेतल्या की पाच होतात."

"कुणी सांगितलं?"

"गणित हाय ते."

त्यांनी पदराला तशीच गाठ मारली, माझं मनगट धरलं अन् अंगणात आणलं. पंपाजवळ दोन बाटल्या होत्या.

"मला अक्षर कळत नाय," त्या म्हणल्या. "ही बाटली पंपाला वाटीभर लागती. ही टोपणभर. टोपणवाली कच्ची हाय का?"

मी दोन्ही बाटल्यांकडं बघितलं.

"बोल की, गणितवाली!"

"नाय."

"टोपणवाली वाटीनं घातली तर?"

"झाडं जळतील."

"मग तुझं अंग काय झेंडूपेक्षा सवंग हाय?"

मग त्यांनी साबणानं हात धुतले, चांगले कोपरापर्यंत, अन् गाठ सोडून एकच गोळी माझ्या हातावर ठेवली. बाकीच्या स्वतःच्या कमरेच्या पिशवीत टाकल्या. "लागली की माझ्याकडं माग. मागायला लाजायचं नाय." मी गोळी घेतली. त्या माझ्या पाठीवर हात ठेवून बसल्या, औषध तसंच कालवलेलं राहिलं. अर्ध्या तासात माझा श्वास खाली उतरला. एका गोळीनं. अर्ध्याच्या.

दुसऱ्या दिवशी आत्या माझ्याबरोबर डॉक्टरकडं आल्या. मी सगळं सांगितलं. मॅडमनं पेन खाली ठेवलं. मग म्हणली, "आकडा म्हणजे वजन, ताई, ताकद नाही. या जातीची कुठली गोळी पाचात येते, कुठली अर्ध्यात, कुठली पावात. अर्ध्याची ही एक गोळी पाचाच्या त्या एका गोळीइतकीच काम करते. दहा घेतल्या असत्या तर तुम्हाला शुद्ध राहिली नसती, श्वास मंदावला असता, आणि कुशीत बाळ." आत्यांना म्हणली, "आजी, तुम्हाला हे कुणी शिकवलं?" आत्या म्हणल्या, "एकदा कोबी जाळला होता."

रविवारी नणंद आली. आत्यांनी तिच्यापासून काहीच लपवलं नाय, दहा गोळ्यांचं पण सांगितलं. मी चुलीपुढं मान खाली घालून बसले होते. वाटलं, संपलं.

"मग तर नेतेच मी," नणंद म्हणली. "आई, काही झालं असतं म्हणजे?"

"झालं नाय ना. पोरगी नेली तर ही औषध कशासाठी खाईल? मी दोन महिने शेतात जात नाय. दोघींपाशी बसते."

"तू? घरात? दोन महिने?" नणंद हसायलाच लागली. "घराच्या भिंती पाडशील तू."

"पाडीन. तुझा नवरा रेल्वेत हाय, त्याला म्हण बांधून दे."

मला पण हसू आलं, त्या दिवसांतलं पहिलं. पोरगी जागी झाली अन् तिनं बोंब मारली, जड झोपेतली कुरकुर नाय, चांगली बोंब. पाचाची गोळी अर्धी झाली होती ना. नणंदेनं तिला उचललं, छातीशी धरून दोन चकरा मारल्या. मी तिच्या हातांकडं बघत होते. मग ती माझ्यापुढं येऊन वाकली. "घे वहिनी, भूक लागली तिला."

आत्या खरंच दोन महिने शेतात गेल्या नाय. अर्ध्याच्या गोळ्या त्यांच्याकडं मागून मागून मी आठ का नऊ घेतल्या असतील, मग लागल्याच नाय. रोजची वर्षभर खाल्ली, मॅडमनं हळूहळू सोडवली. पोरगी आता दुसरीत हाय. मॅडमचे, आत्यांचे, नणंदेचे, कुणाकुणाचे पाय धरू मी?

बाजारातल्या बाईला म्हणलं, तुझी पाव नंबरची पावच राहू दे. जड वाटलं, कमी वाटलं, तर डॉक्टरला विचार, मला विचारू नको. अन् गोळ्या घरात कुणाच्या तरी हाती दे. ती म्हणली, "सासूच्या देऊ?" मी म्हणलं, "सासू कशी हाय ते बघून दे."