ग्रुपवर फक्त मीच बोलत होतो

मित्रांनो, आज माझ्याच टीमसमोर मान खाली घालावी लागली.

तुर्भ्याला आमचं आईस्क्रीमचं कोल्ड स्टोरेज आहे, मी तिथला मॅनेजर. सकाळी पोचलो तर दाराचं रबर फाटून थंडावा बाहेर गेलेला आणि निम्मा माल वितळलेला.

सगळ्यांना गोळा करून ओरडलो, "रबर खराब झालंय, हे एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

मग सुपरवायझर वैशाली म्हणाली, "सर, मी परवाच केबिनमध्ये आले होते. तुम्ही कॉलवर होता. 'ग्रुपवर टाक' म्हणालात."

"मग टाकलं का नाहीस?"

"सर, ग्रुपवर फक्त तुम्हीच लिहू शकता."

गुड मॉर्निंगच्या फुलांना वैतागून ते सेटिंग मीच केलं होतं. वर माझ्या मेसेजवर सगळ्यांचे अंगठे येतात म्हणून 'आपल्याकडे काही प्रॉब्लेमच नसतो' अशी फुशारकीही मारायचो.

वैशालीची सगळ्यांसमोर माफी मागितली. ग्रुप खुला केला आणि लिहिलं, "काही चुकत असेल तर बिनधास्त सांगा."

संध्याकाळपासून त्यावरही नुसते अंगठेच येतायत. यांना आता बोलतं कसं करू, सांगाल का कोणी?