फ्यूजच्या जागी तार

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी दुपारी माझा धाकटा भाऊ श्रीनिवास वारला. तेरा दिवस दुकान बंद होतं. चौदाव्या दिवशी मी शटर उघडलं.

दुकान सोलापूरच्या भवानी पेठेत आहे. गाड्यांच्या वायरिंगचं काम. बावीस वर्षं आम्ही दोघांनी ते चालवलं. मी डिप्लोमा केलेला, डायग्राम वाचून फॉल्ट शोधायचो. तो लहानपणी वडिलांच्या हातमागावर बसलेला. हाताचं काम सगळं त्याचं.

त्याच आठवड्यात कुंभारीच्या एक शिक्षिका, सुनंदा मॅडम, जुनी हॅचबॅक घेऊन आल्या. शेजारच्या सीटवर त्यांचे वडील, अण्णा. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला आणावं लागतं. आदल्या दिवशी येताना त्यांच्या सीटखालून धूर आला होता. अण्णांचे गुडघे वाकत नाहीत. गाडीतून उतरवायला दोन माणसं लागतात. त्या दिवशी रस्त्यावरची माणसं धावली म्हणून बरं.

"गाडी घेऊन दोनच महिने झाले," मॅडम म्हणाल्या. "आधीच्या मालकांना फोन केला. ते म्हणाले, वायरिंग सगळं तुमच्या दुकानात झालंय, तुमच्या भावानं केलंय, त्यालाच विचारा."

"तो वारला," मी म्हणालो.

मॅडम भांडायच्या तयारीने आल्या होत्या. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "दादा, एवढंच सांगा. हे त्यांनी केलंय का? आणि परवा अण्णांना यात बसवू की नको?"

मी बॉनेट उघडलं. बॅटरीजवळच्या फ्यूज होल्डरमध्ये फ्यूज नव्हता. तांब्याच्या तारांचा पीळ कोंबलेला होता.

फ्यूज म्हणजे मुद्दाम कच्चा ठेवलेला दुवा. ठरल्यापेक्षा जास्त करंट गेला की तो वितळतो आणि लाइन तुटते. वायर वाचते, गाडी वाचते. त्याच्या जागी तांब्याची तार घातली की तुटायला काहीच उरत नाही. मग वायरच तापते आणि पेटते.

होल्डर आमच्याच दुकानातला होता. मी वाकून जवळून पाहिलं.

"काय झालं ओ मालक?" अण्णांना आम्ही खुर्चीवर बसवलं होतं. "दाखवा की."

मी वायरींचा जुडगा थोडा बाहेर ओढून त्यांना दाखवला. दर चार बोटांवर पांढऱ्या दोऱ्याचा वेढा होता. सोलापूरच्या उन्हात टेपचा गोंद सुटतो, म्हणून श्रीनिवास वायरी सुताने बांधायचा.

अण्णांनी चष्मा वर केला. "ही तर मागावरची गाठ हाय. तुटलेला धागा जोडतात ती. मिलमध्ये उभी हयात हेच केलं की मी." मग त्यांनी होल्डरमधल्या पिळाकडे बोट दाखवलं. "आन् हे घाणेरडं काम कुणाचं? ह्या हाताचं न्हाय हे."

मला तेच वाटत होतं. पण तो माझा भाऊ होता, म्हणून माझ्या वाटण्याला किंमत नव्हती.

मी दोरा धरून पुढे गेलो. श्रीनिवासची वायर रिलेतून हॉर्नला आणि फॉग लॅम्पला जात होती. प्रत्येक चार बोटांवर गाठ. होल्डरच्या पुढे मात्र तिला एक दुसरी वायर पिळून जोडलेली होती, वर चिकटपट्टी. घरात पार्सलला लावतो तीच. ही वायर आत शिरून कार्पेटखालून डाव्या सीटपर्यंत आली होती. तिथे ती सीटच्या रुळाखाली चेपली होती. अण्णांचे पाय लांब राहावेत म्हणून मॅडमनी सीट पार मागे सरकवली होती. रुळाने वायरचं कव्हर कापलं आणि आतलं तांबं लोखंडाला टेकलं. कार्पेट तळहाताएवढं जळलं होतं. वायरच्या टोकाला काहीही जोडलेलं नव्हतं.

मी आधीच्या मालकाला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला.

"सीटखाली काय होतं?"

"अँप्लिफायर की! लई भारी वाजायचा. विकताना काढून घेतला."

"आणि वायर?"

"राहू दिली. कोण कार्पेट उचकटत बसणार?"

"माझ्या भावानं फ्यूज घातला होता का?"

"होता की. पण अँप्लिफायर जोडल्यावर सारखा उडायचा. कटकट नुसती. मग मीच तार घातली. दोन वर्षं चालली की, काय झालं?"

"मग मॅडमना माझ्या भावाचं नाव का सांगितलं?"

तो हसला. "अहो, त्यो गेला म्हणून कळलं. गेलेल्या माणसाला काय फरक पडतोय?"

मी आयुष्यात ग्राहकावर ओरडलेलो नाही. त्या दिवशी शेजारचा पानवाला बाहेर येऊन बघत होता. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. मला त्याचा पश्चात्ताप नाही. फ्यूज त्या माणसाला उडून उडून इशारा देत होता. त्याने फ्यूजचंच तोंड बंद केलं, आणि वर आळ एका मेलेल्या माणसावर घातला.

फोन ठेवल्यावर अण्णा म्हणाले, "पोरी, ऐकलंस न्हवं?"

"ऐकलं अण्णा." मग त्या माझ्याकडे वळल्या. "चुकलं दादा. मी तुमच्या भावाला मनात नाही नाही ते बोलले होते."

दुसरी वायर मी मुळापासून काढली. होल्डरमध्ये श्रीनिवास अशा लाइनला घालायचा तो पंधरा अँपिअरचा फ्यूज घातला. फॉग लॅम्प तासभर चालू ठेवले, अधूनमधून हॉर्न दिला. फ्यूज टिकला. म्हणजे श्रीनिवासचा हिशेब बरोबर होता.

होल्डरजवळचा वेढा कुणीतरी कापला होता. मी खिळ्यावरचं श्रीनिवासचं दोऱ्याचं रीळ काढून तो बांधायला घेतला. गाठ सुटली. पुन्हा सुटली.

"द्या इकडं," अण्णा म्हणाले. त्यांनी दोरा बोटांवर घेतला आणि न बघता गाठ मारली.

ठरल्याप्रमाणे तिसऱ्या दिवशी मॅडम त्यांना त्याच गाडीतून घेऊन गेल्या. अजूनही नेतात.

फ्यूज सारखा उडत असेल तर फ्यूज बदलू नका, कारण शोधा. एवढंच शिकण्यासारखं आहे, आणि ते प्रत्येक गाडीच्या पुस्तकात छापलेलं असतं.

रीळ खिळ्याला आहे. अर्ध्याहून थोडा जास्त दोरा शिल्लक आहे. गाठ मला अजून येत नाही.