पाच ठिपक्यांचे सर

सांगलीत आमचा ग्राफ थिअरीचा, म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या गणिताचा, सेमिनार असला की दहिवडीच्या शाळेतले एक सर एसटीनं येतात आणि शेवटच्या बाकावर बसतात. कुणीही प्रमेय मांडलं की त्यांचं ठरलेलं, "आवं, पाच ठिपके काढून दावा की." प्राध्यापक हसतात. मीही हसायचो.

माझ्या व्याख्यानाला मात्र ते एक शब्द बोलले नाहीत. मला हायसं वाटलं. चहाच्या वेळी त्यांनी बाजूला घेऊन माझ्या हातात कागद ठेवला. पाच ठिपके, सहा रेषा, आणि माझं प्रमेय तिथं साफ खोटं पडत होतं.

"समद्यांम्होरं नको वाटलं," ते म्हणाले.

आता कुणी फळ्यापाशी उभं राहिलं की मी मागं वळून बघतो. सरांनी ठिपके मागितले की निर्धास्त होतो. ते गप्प बसले की मीच वहीत पाच ठिपके काढायला घेतो.