दाजींची ओवाळणी

माझ्या साडूंइतका देण्याची हौस असलेला, आणि ज्यानं दिलेलं कोणालाच नको असतं असा माणूस उभ्या जालना जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. मूळचे केदारखेड्याचे, घरची शेती, पण स्वतः अंबडला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. लग्न असो, बारसं असो, वास्तुशांत असो, लोक पाकीट देतात आणि दाजी पेनड्राइव्ह देतात. तोही हळदीकुंकवाचं बोट लावून, लाल कापडाच्या पुरचुंडीत बांधून. नवरा-नवरी मोठ्या आशेनं तो टीव्हीला लावतात, आपल्या साखरपुड्याचे फोटो असतील म्हणून. पडद्यावर नुसत्या फायलींची रांग येते आणि त्यातली एकही उघडत नाही.

त्या फायलींत असतात करार. ब्लॉकचेनवरचे, म्हणजे असंख्य कॉम्प्युटरांत एकाच वेळी लिहिल्या जाणाऱ्या सामायिक वहीतले, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट. ही काय भानगड आहे ते दाजींनी मला इतक्या वेळा समजावलंय की आता मी झोपेतही सांगू शकेन. हा कागदावरचा करार नव्हे, हा प्रोग्राम. अट पुरी झाली की पैसे आपोआप याच्याकडून त्याच्याकडे जातात. साक्षीदार नको, कोर्ट नको. मात्र एकदा चढवला की त्यातलं अक्षर हलत नाही. चूक राहिली तर चुकीसकट तो तसाच राहतो, आणि अशा चुकांवर टपून बसलेले लोक दुसऱ्याचे पैसे उडवतात. म्हणून ज्यांनी ज्यांनी आपला सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, उघड ठेवलाय, त्या सगळ्यांचे करार एका जागी गोळा करायचे, निवडायचे, कुठं काय चुकलंय त्याच्या खुणा करायच्या आणि जगाला फुकट अभ्यासाला द्यायचे, हा दाजींचा ध्यास. "पोरांना पाह्यलाच भेटलं न्हाई, तर चुका ध्यानात येतील कशा?" असं ते विचारतात. एकदा अंबड कोर्टासमोरच्या टपरीवर त्यांनी वकील मंडळींना हे सगळं सविस्तर सांगितलं. त्यातले एक वयस्कर वकील कळवळून म्हणाले, "म्हंजे सर, तुम्ही आमचं दुकान बंद करून राह्यले का?" तेव्हापासून दाजी दिसले की वकील मंडळी चहा अर्धा टाकून कामाला लागतात.

नातेवाइकांचा समज आणखी वेगळा. ब्लॉकचेन म्हणजे ती कॉम्प्युटरवरची नाणी, आणि नाणी म्हणजे दामदुप्पट, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. आमचे एक मेहुणे दाजींना कोपऱ्यात घेऊन हळूच विचारत होते, "दाजी, कोणतं नाणं घेऊ ते फक्त सांगा. कोणाला बोलणार न्हाई." दाजी म्हणाले, "अहो, माझ्यापाशी एक बी नाणं न्हाई. मी फक्त करारनामे जमा करून राह्यलो." मेहुण्यांची अजून खात्री आहे की दाजींनी त्यांच्यापासून लपवलं.

या जमवाजमवीत निम्मं काम असतं सारखे करार काढून टाकण्याचं. लोक दुसऱ्याचा करार उचलतात, वरचं नाव बदलतात आणि आपला म्हणून चढवतात. अशा नकला दाजी डोळ्यांत तेल घालून शोधतात. ते शोधता शोधता त्यांची नजरच तशी झाली. अक्का, म्हणजे त्यांची बायको, साडीच्या दुकानात दोन साड्या पुढ्यात घेऊन बसली की हे मागून म्हणणार, "डुप्लिकेट हाय. फक्त काठ बदलला." लग्नात दुसऱ्यांदा तीच भाजी आली तर वाढप्याला हातानं थांबवणार. आणि प्रत्येक कराराचा मूळ मालक कोण, त्यानं कशाची परवानगी दिलीय, याची खूण केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. त्यामुळे आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सुविचार टाकला की लगेच दाजींचा प्रश्न येतो, "मूळ कोणाचं?" ग्रुप हल्ली फार शांत असतो. त्याबद्दल आम्ही सगळे दाजींचे मनापासून ऋणी आहोत.

हा सगळा साठा असायचा एका हार्डडिस्कमध्ये, आणि ती डिस्क ज्वारीच्या कोठीत. केदारखेड्याला त्यांचे वडील बियाणं जसं ठेवायचे तसंच दाजींनी ती कापडाच्या पिशवीत, कडुलिंबाच्या पाल्यासकट, ज्वारीत खोल पुरून ठेवलेली. कीड नाही, ओल नाही, चोराला संशय नाही. दर रविवारी कोपरापर्यंत हात घालून काढायची, नवे करार भरायचे, पुन्हा पुरायची. सगळं बिनघोर चाललं होतं. आणि मग मे महिना आला. मे महिन्यात धान्याला ऊन द्यायचं असतं.

अक्कानं गच्चीवर साड्या अंथरल्या, त्यावर ज्वारी पसरली. पिशवी हाती लागली तेव्हा ती तिनं मायेनं सोडली आणि डिस्कही ज्वारीच्या मधोमध उघडी मांडली. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन मी वेगळं सांगायला नको. दाजी संध्याकाळी कॉलेजातून आले तोवर तिच्यावर पापड भाजला असता. लॅपटॉपला लावली तर नुसती टिकटिक, आणि मग तीही थांबली. अक्का रडकुंडीला आली. "सगळ्याला ऊन देऊन राह्यले होते, मंग तुमच्याच बियाला काऊन सोडू, असं वाटलं मला," ती म्हणाली. दाजी गच्चीवर जाऊन तिची ज्वारी गोळा करू लागले. मला तेच जास्त लागलं.

संग्रह महिन्याभरात सगळ्यांसाठी खुला करायचा होता. करार पुन्हा गोळा झालेही असते, पण हातानं निवडून केलेल्या वर्षानुवर्षांच्या खुणा कुठून आणणार? डिस्क कॉम्प्युटरच्या दुकानदाराला दाखवली, त्यानं हात टेकले. मग सुचलं की दाजींनी गावभर पेनड्राइव्ह वाटलेत! आम्ही फोनवर फोन लावले. आमच्याकडच्या पेनड्राइव्हमध्ये माझ्या बायकोनं आरत्या भरल्या होत्या. मेहुण्यांनी ट्रॅक्टरसाठी गाणी. एका नवरदेवानं पुसून त्यात खरोखरच साखरपुड्याचे फोटो घातले होते. प्रत्येक फोनला दाजी "बरं, बरं, काही हरकत न्हाई" म्हणायचे आणि अजून थोडे लहान व्हायचे.

शेवटी राहिली त्यांची धाकटी बहीण, जांब समर्थला दिलेली. तिला भाऊबीजेला दाजींनी साडीसोबत तेच दिलं होतं. आम्ही फोन न करता गाडीच काढली. पेनड्राइव्हचं विचारताच ताई दारातच म्हणाली, "ते व्हय? ते देव्हाऱ्यात हाय." खरंच होता. अन्नपूर्णेच्या शेजारी, लाल पुरचुंडीत, वर रोजची हळद साचलेली. "आमचे हे म्हणले, भजनं भरून आणतो. मी हातच लावू दिला न्हाई. दादाची ओवाळणी हाय, तिच्यात दुसरं काही भरत असतेत का?"

ती तो घराबाहेरही नेऊ देईना. दाजी देव्हाऱ्यासमोर मांडी घालून बसले, लॅपटॉप पाटावर ठेवला, हळद पुसून पेनड्राइव्ह लावला. दिवाळीपर्यंतचं सगळं, खुणांसकट, जसंच्या तसं होतं. दाजींनी देवाला हात जोडले, आणि मग बहिणीलाही जोडले. मला इतकं हायसं वाटलं की मी ताईनं केलेला शिरा तीनदा मागून घेतला आणि दाजींनी एकदाही डुप्लिकेट म्हटलं नाही.

पुढं उशिरा का होईना, संग्रह खुला झाला. आता कोणीही, कुठूनही उतरवून घेऊ शकतं. चांगलंच झालं, पण गेल्या लग्नसराईत दाजींनी चारचौघांसारखं पाकीट दिलं आणि मला एकदम चुकल्यासारखं वाटलं. मी म्हणालो, "दाजी, मला पेनड्राइव्ह न्हाई का?" इतक्या वर्षांत कुणी मागितलाच नव्हता. त्यांनी सगळे खिसे चाचपले, पण त्यांच्याजवळ एकही नव्हता.

पुढच्या रविवारी ते अंबडहून एसटीनं खास आले. हातात लाल पुरचुंडी, वर हळदीकुंकू. "नेटवर हाय तेच हाय यात," ते जरा ओशाळून म्हणाले, "डुप्लिकेटच हाय. पण असू द्या." आमच्या देव्हाऱ्यात आता तो आहे. बायको आरत्या भरू म्हणते, आणि मी हात लावू देत नाही.