फॉस्टिनच्या कमरेची दोरी

फॉस्टिन सतरा वर्षांचा होता. आचऱ्यात आमची घरं शेजारी आहेत, मधे एक दगडी गडगा. त्याच्या दहावीच्या वर्षी मी त्याला मराठी शिकवलं. तेव्हा मी बी.ए.ला होते. समुद्राच्या आत्मकथेवर निबंध लिहायला दिला, तर त्याने चार ओळी लिहिल्या.

"इतकोच?"

"दर्यो इतको बोलणा नाय गो अक्षया."

मराठीत त्रेचाळीस गुण पडले. त्याची आई एस्पेरांसा आंटी केक घेऊन आमच्याकडे आली.

तो अकराव्या वर्षापासून वडिलांबरोबर, रॉकी अंकलबरोबर, शिणाणे काढायचा. शिणाणे म्हणजे पाण्यातल्या खडकांना चिकटून वाढणारे शिंपले. बुडी मारायची, लोखंडी सळीने ते सोडवायचे, वर यायचं. बुडी मारणाऱ्याच्या कमरेला दोरी असते. दुसरं टोक खडकावर बसलेल्या माणसाच्या हातात. वरच्याने साठपर्यंत मोजायचं आणि दोरी एकदा ओढायची. खालून उलट ओढ आली तर ठीक. नाही आली तर काही विचार न करता खेचायचं. रॉकी अंकलच्या वडिलांपासून हे असंच चाललं होतं. अंकलची कंबर धरली, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी दोरी मी धरायचे.

"कविता करू नको हां," तो पाण्यात उतरताना म्हणायचा. "आकडे मोज."

या मे महिन्यात त्याच्या कॉलेजातल्या सर्वेशने एक व्हिडिओ टाकला. कुठल्यातरी हॉटेलच्या तलावात तो पाण्याखाली श्वास धरून बसला होता. एक मिनिट पन्नास सेकंद. खाली त्याने तिघांना आव्हान दिलं होतं, त्यात फॉस्टिन. चोवीस तासांची मुदत. कोणीतरी लिहिलं होतं, 'शिणाणेवालो भियालो वाटता.'

फॉस्टिनने मला ते हसत दाखवलं. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीच्या खडकावर गेलो. त्याच्या फोनचा कॅमेरा फुटला होता, म्हणून माझा फोन. त्याने कमरेची दोरी सोडली आणि खडकावर ठेवली.

"दोरी रवांदे," मी म्हटलं.

"कमरेक दोरी दिसली तर सर्वेश म्हणतलो, बापाशीन बांधून सोडल्यान."

"म्हणांदे."

"एक डाव गो. हंयसरच आसंय. माका दोन मिनटां म्हणजे काय?"

मलाही तेच वाटत होतं. सगळ्या गावाला वाटायचं की फॉस्टिनला श्वास लागतच नाही. खरं तर त्याची बुडी चाळीस-पन्नास सेकंदांची असायची. ते मीच मोजलेलं होतं.

पाणी स्वच्छ होतं. त्याचा लाल टी-शर्ट दिसत होता. फोनवर सेकंद पुढे जात होते. दोन मिनिटं झाली, तेव्हा मी ओरडले, "जिंकलंस!" तो आला नाही. मला वाटलं, अजून थोडं करतोय. तो हलत नव्हता. पण हलायचंच नव्हतं.

दोन मिनिटं चाळीसला मी उडी मारली. फोन खडकावर पडून चालूच राहिला. त्याला वर आणायला किती वेळ लागला ते त्यात आहे. मी पाहिलं नाही.

किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणारी माणसं धावत आली. त्यांनी छाती दाबली. मग गाडी, मग दवाखाना. डॉक्टर म्हणाले, असं होतं तेव्हा माणूस धडपडत नाही. आतल्या आत शुद्ध जाते, त्यालाही कळत नाही. चांगलं पोहणाऱ्यांचंच होतं.

पोलिसांनी बुडून मृत्यू असं लिहिलं. दोरीबद्दल मला कोणी विचारलं नाही. मी सांगितलं नाही, व्हिडिओचंही नाही.

गाव म्हणालं, शिणाणे काढताना कमरेची गाठ सुटली असेल. ती गाठ रॉकी अंकलनी त्याला शिकवली होती. अंत्यसंस्कारानंतर ते व्हरांड्यातल्या खांबाला दोरी बांधायचे, ओढायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. गडग्यापलीकडून मला दिसायचं. जेवायला हाक मारली तरी उठत नसत.

चर्चमधल्या सातव्या दिवसाच्या मिस्सानंतर मी त्यांच्याकडे गेले.

"ये गो," ते म्हणाले. "ही बघ. धरता बरी. मगे तेव्हाच कशी सुटली? माझाच कायतरी चुकला शिकयताना."

"गाठ सुटूक नाय, अंकल."

ते थांबले.

"बांधलेलीच नाय होती. तेनाच काढून ठेवल्यान. व्हिडिओसाठी."

एस्पेरांसा आंटी दारात उभी होती. आत गेली नाही, पुढेही आली नाही.

"व्हिडिओ आसा?"

"आसा."

"माका दाखव."

मी फोन दिला. मी भिंतीकडे बघत बसले. माझा 'जिंकलंस' ऐकू आला. मग पाण्याचा आवाज. मग बराच वेळ लाटा. त्यांनी शेवटपर्यंत पाहिलं. फोन परत माझ्या हातात ठेवला.

"तू खंय बघत होतंस गो?"

"फोनात," मी म्हटलं. "आकड्यांकडे."

त्यांनी मान हलवली. आंटी म्हणाली, "पेज थंड जाता." ते उठले आणि आत गेले. मीही घरी आले.

सर्वेशने आपला व्हिडिओ काढून टाकला आहे. आव्हान घेतलेल्या बाकीच्यांचे अजून आहेत.