घाट लागला की उतरायचं

मशीनमावशीने चौदा घाट पायी बघितले होते आणि तिच्या नवऱ्याने तेच चौदा घाट फटफटीवरून. दोघं बरोबरच जायची, बरोबरच यायची. पण वाटेत काय दिसलं म्हणून विचारलं असतं, तर एकाचं दुसऱ्याशी जुळलं नसतं.

मावशी शिवणकाम करायची. दवाखान्याच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे पांढरे डगले. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन आणि मशीनवर मावशी. आठवड्याचे सहा दिवस तिचे पाय चालतच असायचे, पण पोचायचे कुठेच नाहीत. खिडकीतून दिसायचं काय, तर समोरच्या भिंतीवरचा पाण्याचा नळ. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, म्हणून गल्लीत सगळे त्याला घड्याळजी म्हणत आणि लोकांपुढे मावशीही तसंच म्हणायची. दिवसभर एका डोळ्याला भिंग लावून नखाएवढी चाकं बघत बसलं, की माणसाला लांबचं बघावंसं वाटणारच. म्हणून लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी घड्याळजींनी जुनी फटफटी आणली. सुट्टी आली की डबा बांधायचा आणि एखादा घाट गाठायचा.

सपाटीवर फटफटी दोघांना घेऊन मोठ्या ऐटीत जायची. घाटाचं पहिलं वळण आलं की तिला धाप लागायची. धूर काय, खोकला काय! मग घड्याळजी मान खाली घालून म्हणायचे, "अगं, जरा उतरतेस का?"

मावशी उतरायची. काय मेलं नशीब, असा चेहरा करून चपलेचा पट्टा घट्ट करायची आणि एक लांबलचक उसासा टाकायची. फटफटी वळणाआड गेली की उसासा संपला. मग मावशी डांबरी रस्ता सोडून गुराख्यांच्या पाऊलवाटेला लागायची. वाटेत दगड उचलून दरीत टाकायची आणि त्याचा आवाज येईपर्यंत कान देऊन उभी राहायची. बेसूर गायची. शिवाय आठवडाभरात ज्यांना ज्यांना उत्तर द्यायचं राहून गेलेलं असे, त्यांना तिथे उत्तरं द्यायची. दवाखान्यातला कपड्यांचा मुकादम टाके मोजून घ्यायचा. त्याला तिने दरीकडे तोंड करून असं काही सुनावलं होतं, की तो समोर असता तर नोकरी सोडून गेला असता. सोमवारी त्याच्यापुढे ती पुन्हा गरीब गाय.

वर खिंडीत घड्याळजी अपराधी तोंडाने उभे असायचे. "दमलीस ना? माझ्यामुळे तुला हा त्रास."

"असू दे," मावशी पडलेल्या आवाजात म्हणायची.

मग घड्याळजी स्वतःच्या हाताने डबा उघडून तिला वाढायचे. घरी त्यांना डब्याचं झाकण कुठल्या बाजूने निघतं तेही ठाऊक नव्हतं.

असं बावीस वर्षं सुखाने चाललं. आणि एका सकाळी दारात नवी कोरी दुचाकी उभी राहिली. धिप्पाड, काळी, चकचकीत. घड्याळजींचे डोळे भरून आले होते. "बावीस वर्षं माझ्या जिवाला लागून राहिलं होतं गं. आता तुला घाटात एक पाऊलही चालायला लागणार नाही."

मावशीने कोपऱ्यातल्या आपल्या चपलांकडे बघितलं. तोंडाने ती म्हणाली, "अगंबाई! छान आहे."

दुपारी लेक आली, तिच्यापाशी मावशीने मन मोकळं केलं. लेक पोट धरून हसली. "अगं आई, मग सरळ सांग ना बाबांना, की मला चालायलाच आवडतं."

"बावीस वर्षं उसासे टाकलेत मी. आता त्यांचं काय करू?"

"परत घे."

"तुला थट्टा सुचतेय. माझे पाय जायची वेळ आलीय."

मावशीने मग स्वतःच्या डोक्याने उपाय काढला. जुन्या गाडीला वजन झेपत नव्हतं ना? मग नवीलाही झेपायला नको. पुढच्या सुट्टीला डब्याच्या पिशवीत तिने तळाशी कोळशाच्या दोन लोखंडी इस्त्र्या ठेवल्या आणि वर मोडीत काढलेल्या मशीनचं चाक.

घड्याळजींनी पिशवी उचलली आणि लगेच खाली ठेवली. "काय आहे यात?"

"जेवण."

"किती माणसांचं?"

"मोकळ्या हवेत भूक लागते."

नवी गाडी दोघांना, दोन इस्त्र्यांना आणि एका चाकाला घेऊन माहेरी निघालेल्या पोरीसारखी घाट चढली. खोकली नाही की थांबली नाही. अठरा मिनिटांत खिंड. त्या अठरा मिनिटांत मावशीला घड्याळजींच्या हेल्मेटची मागची बाजू दिसली. तिच्यावर एक ओरखडा होता, उजवीकडे थोडा वाकडा.

"आज तूच वाढ," घड्याळजी हातपाय ताणत म्हणाले. "आज काही दमली नाहीस." तेवढ्यात पिशवीतून इस्त्री डोकावली. "हे काय?"

"गाडीची परीक्षा घेत होते," मावशी म्हणाली.

"पास झाली की नाही?" घड्याळजींची छाती फुगली. "मग पुढच्या सुट्टीला पंधरावा घाट!"

हा पंधरावा घाट म्हणजे सगळ्यात लांब आणि उभा. जुनी फटफटी तिथे एकट्या घड्याळजींनाही घेऊन चढली नसती, म्हणून तो राहून गेला होता. त्याची पाऊलवाट कड्याच्या पोटातून जाते, असं एका गुराख्याने मावशीला सांगितलं होतं. तेव्हापासून तिचा जीव त्या वाटेत अडकला होता. आणि आता तोही घाट ओरखडा बघत संपणार होता.

तो दिवस आला. पायथा गेला, पहिलं वळण आलं. डावीकडे पाऊलवाट वर चढताना दिसली आणि मावशीच्या तोंडून निघून गेलं, "अहो, थांबवा!"

घड्याळजींनी ब्रेक दाबला. "काय झालं? मळमळतंय?"

"नाही."

"काही पडलं?"

"नाही. मला उतरायचंय. चालायचंय."

"अगं पण गाडी ओढतेय की!"

"ओढतेय, तेच तर दुखणं आहे!"

मग रस्त्याच्या कडेला उभं राहून मावशीने सगळं सांगून टाकलं. घड्याळजी मैलाच्या दगडावर बसून ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हणजे बावीस वर्षं मी तुझी माफी मागत होतो, ती?"

"ती मी घेत होते."

"आणि ते उसासे?"

"पहिल्या दोन वर्षांचे खरे होते."

"मग नंतर तरी सांगायचंस!"

"सांगितलं असतं, तर वर डबा कोणी वाढला असता?"

घड्याळजींना राग आला, हसूही आलं, पण त्यांनी राग धरून ठेवला. गाडीला कुलूप घातलं. "असं काय सोनं लागलंय त्या वाटेला? दाखव. बघतोच पुढच्या वळणापर्यंत."

मावशीने कपाळाला हात लावला. खरं सांगून वाट मिळवली, तर सोबत हे! बूट गुळगुळीत, पाय दुकानात बसून बसून मऊ झालेले. घड्याळजी दोनदा घसरले, एकदा काटेरी झुडपाला मिठी मारून उठले आणि दर पाच मिनिटांनी "किती राहिलं?" विचारत राहिले. शेवटी मावशी म्हणाली, "जरा गप्प बसा. नाहीतर दरीकडे बघून कोणाला तरी चार शब्द सुनवा. बरं वाटतं."

"कोणाला?"

"गिऱ्हाइकं आहेत ना तुमची."

घड्याळजींनी मागे-पुढे बघितलं. मग हळूच म्हणाले, "घड्याळ पाण्यात पडलं होतं, तर सांगायचं ना."

"मोठ्याने हो!"

"पाण्यात पडलं होतं!" दरी परत म्हणाली, पडलं होतं, होतं. घड्याळजींचा चेहरा उजळला. मग पुढचं वळण आलं आणि गेलं, त्याचं त्यांना भानच राहिलं नाही. कड्याच्या पोटातून खाली धुकं वाहताना दिसत होतं, मावशी एकेक पाऊल मनात साठवत होती, आणि मागून घड्याळजी एकेका गिऱ्हाइकाला निकालात काढत येत होते. खिंडीपर्यंत अकरा झाली. बारावा तर त्यांचा सख्खा भाऊ होता.

वर गार वारा होता. दोन्ही बाजूंचा मुलूख पायाशी पसरलेला. घड्याळजी एका खडकावर टेकले, बूट काढून तळवे चोळले. "मानलं तुला," ते म्हणाले. "जीव सुखावला. पाय मात्र आता एक पाऊल टाकायचे नाहीत. चल, थोडं खाऊ आणि मस्त गाडीवर बसून..."

ते बोलता बोलता थांबले. डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"गाडी?"

"खाली," मावशी म्हणाली.

"आणि डबा?"

"गाडीला लटकलाय."

"तुझ्या लक्षात होतं?"

"तुम्ही कुलूप घातलंत तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही पुढच्या वळणापर्यंतच येणार होतात." मावशीने त्यांचा एक बूट उचलून त्यांच्या हातात दिला. "घाला. उतरायला गुराख्याने सांगितलेली दुसरी वाट धरू. ती जरा लांबची आहे."